सर्च ट्रेंड एपीआयचं बिल: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

आजपासून काम सुरू. आरोग्याची माहिती देणाऱ्या आमच्या संकेतस्थळावर कोणता लेख कधी ताजा करायचा, हे आजवर संपादक मॅडमच्या अनुभवावर ठरत आलं. त्याला आता लोक इंटरनेटवर प्रत्यक्षात काय शोधताहेत याची जोड द्यायची आहे. हा डेटा एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून डेटा मागवायच्या सोयीतून, घ्यायचा. यादीत २४० शब्द आहेत: ताप, खोकला, ॲलर्जी, पाठदुखी, निद्रानाश असे. प्रदेश १२. कोणत्या शब्दाचा शोध वाढतोय, कुठे वाढतोय आणि दरवर्षी याच सुमाराला वाढतो का, एवढंच हवं आहे.

हिशेब विभागाने संध्याकाळपर्यंत महिन्याचा अंदाज मागितला. मी दिला: २४० शब्द, रोज एकदा, ३० दिवस, म्हणजे ७,२०० कॉल (एक कॉल म्हणजे डेटाची एक मागणी). हा डेटा विकणाऱ्या बहुतेक सेवा वापराप्रमाणे पैसे घेतात, तेव्हा कॉलची संख्या गुणिले दर हेच बिल. खाली एक ओळ लिहिली की आकडा अजून तपासायचा आहे. घरी निघताना लक्षात आलं, त्यात प्रदेश धरायचेच राहिलेत.

८ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस पाच सेवांची दरपत्रकं वाचली. पाचही ठिकाणी 'वापरानुसार दर' असंच लिहिलंय, पण वापर म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं.

एक सेवा कॉल मोजते. कॉलमध्ये एक शब्द असो वा पाच, क्रेडिट (वापर मोजायचं एकक) एकच. दुसरी त्या कॉलमधले शब्द मोजते, म्हणजे पाच शब्दांना पाच क्रेडिट. तिसरी परत आलेल्या डेटाच्या ओळी मोजते. चौथीकडे कॉलच मोजतात, पण उत्तर लगेच हवं असेल तर जास्त क्रेडिट आणि रांगेत थांबायची तयारी असेल तर कमी. पाचवीकडे महिन्याची वर्गणी आहे, तिच्यात ठरावीक कॉल आणि वरच्या प्रत्येक कॉलला जादा दर.

ओळींच्या दराने मला सर्वांत जास्त विचारात पाडलं. पाच शब्दांची ९० दिवसांची रोजची मालिका मागवली तर ४५० ओळी येतात. त्याच पाच शब्दांची पाच वर्षांची आठवडेवार मालिका मागवली तर साधारण २६१ आठवडे गुणिले पाच, म्हणजे १,३०५ ओळी. कॉल दोन्ही वेळा एकच. कॉल मोजणाऱ्या सेवेकडे दोन्हींना सारखीच किंमत, आणि ओळी मोजणाऱ्या सेवेकडे दुसरा कॉल जवळजवळ तिप्पट महाग. म्हणजे दर शेजारीशेजारी मांडून 'हा स्वस्त, तो महाग' म्हणण्याला अर्थच नाही. आधी आपला वापर कसा आहे हे ठरवायचं, मग तोच वापर पाचही दरपत्रकांतून चालवून पाहायचा.

दोन शब्दांपाशी थांबायला हवं. एक 'टप्प्याचा दर'. वरचा टप्पा गाठला की नवा कमी दर सगळ्या कॉलना लागतो, की फक्त त्या टप्प्यापुढच्या कॉलना? दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि पत्रकातल्या तक्त्यावरून कोणती ते कळत नाही. दुसरा 'क्रेडिट'. न वापरलेलं क्रेडिट पुढच्या महिन्यात जातं का? दोघांकडे जातं, दोघांकडे बुडतं, एकाकडे काही लिहिलेलंच नाही. तिघांना विचारणा पाठवली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सोमवारचा अंदाज फाडून टाकावा लागणार. चूक गुणाकारात नव्हती, डेटा कसा बनतो ते न समजून घेताच मी कॉल मोजले.

या सगळ्या सेवांचा मूळ स्रोत बहुतांशी एकच, गूगल ट्रेंड्स. २००६ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत २००४ पासूनचा डेटा मिळतो. पण तिथे शोधांची संख्या मिळत नाही. आधी त्या प्रदेशातल्या, त्या काळातल्या एकूण शोधांत आपल्या शब्दाचा वाटा किती ते काढतात, मग मागितलेल्या कालखंडातल्या सर्वोच्च बिंदूला १०० मानून बाकी सगळं त्या प्रमाणात बसवतात. एकत्र मागवलेले शब्द एकाच मापावर बसतात, वेगवेगळे मागवलेले प्रत्येक आपापल्या मापावर. आज 'खोकला' ६० आणि वेगळ्या कॉलमधून 'निद्रानाश' ६० आला, तर ते दोन ६० सारखे नाहीत.

आणि एका वेळी तुलना पाचच शब्दांची.

म्हणून २४० शब्द एका मापावर आणायचे तर प्रत्येक कॉलमध्ये एक समान शब्द ठेवावा लागतो. त्याला आम्ही अँकर म्हणतोय. पाचपैकी एक जागा अँकरची, उरल्या चार. २४० भागिले ४, म्हणजे ६० कॉल. प्रदेश १२: ७२०. कालखंड दोन, ९० दिवसांचा आणि पाच वर्षांचा: १,४४०. शिवाय हा डेटा सगळ्या शोधांचा नसून नमुन्याचा असतो, त्यामुळे कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांचे आकडे नमुन्यागणिक हलतात. तीन नमुने घेऊन सरासरी काढू म्हटलं: ४,३२०. रोज एकदा, ३० दिवस: १,२९,६००.

सोमवारच्या आकड्याच्या बरोबर १८ पट.

यात एकही गुणक उगाच घातलेला नाही, प्रत्येकाला कारण आहे, आणि म्हणूनच मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. शब्द मोजणाऱ्या सेवेकडे तर अँकरचेही पैसे दरवेळी पडणार. २४० शब्दांसाठी ३०० शब्दांचं बिल, त्यातले ६० वेळा एकाच शब्दाचे. हिशेब विभागाला फोन करून सांगितलं की सोमवारचा आकडा धरू नका. "मग कोणता धरू?" या प्रश्नाला आज उत्तर नाही. आठवडाभराची मुदत मागून घेतली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी डॅशबोर्ड उघडला तर एका सेवेकडचे चाचणीचे ५,००० क्रेडिट संपलेले. शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण होते.

काय झालं ते नीट लिहून ठेवते. नमुने कसे हलतात हे पाहण्यासाठी, ज्यांचा शोध कमी असेल असं वाटलं ते ८० शब्द निवडले होते. चार-चारचे २० गट, १२ प्रदेश, म्हणजे एका फेरीत २४० कॉल. दर सहा तासांनी एक फेरी, शनिवार-रविवार मिळून आठ फेऱ्या, एकूण १,९२० कॉल. कोट्याच्या निम्म्याहून कमी.

पण २४० पैकी ८४ कॉलना रिकामं उत्तर आलं. त्या प्रदेशात त्या शब्दांचे शोध इतके थोडे की स्रोतच आकडा देत नाही. आमच्या कोडने रिकाम्या उत्तराला बिघाड मानलं आणि प्रत्येक कॉल आणखी पाच वेळा केला. ८४ च्या जागी ५०४. चांगले १५६ धरून एका फेरीत ६६० कॉल. सात फेऱ्यांत ४,६२० गेले आणि आठव्या फेरीत ३८० कॉलनंतर कोटा संपला.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सहा वेळा पोहरा सोडला, आणि सहाही वेळा मीटर फिरलं.

पैशांचं नुकसान नाही, चाचणीचेच क्रेडिट होते. पण हेच पैसे भरल्यानंतर झालं असतं, आणि वरच्या वापराला जादा दर लागणाऱ्या सेवेकडे झालं असतं, तर काय झालं असतं याचा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सेवेकडून उत्तर आलं: रिकामं उत्तर हे यशस्वी उत्तर धरलं जातं. सर्व्हर २०० हा 'काम झालं' सांगणारा कोड देतो, त्यांनी काम केलेलं असतं, म्हणून क्रेडिट कापतात. कॉल खरोखर फसला, म्हणजे त्यांच्याकडे बिघाड झाला किंवा ४२९ आला, तर कापत नाहीत. मला हा नियम न्याय्य वाटतो. तो दरपत्रकाच्या पानावर हवा होता, मदतीच्या पानांत खोलवर नको होता, एवढं त्यांना कळवलं.

४२९ म्हणजे 'फार जास्त विनंत्या'. २०१२ पासून वेबच्या प्रमाणित नियमांत असलेला हा कोड बऱ्याचदा सोबत 'इतके सेकंद थांबा' असंही सांगतो. आमचं कोड ते वाचतच नव्हतं. आज तीन बदल केले: रिकामं उत्तर आलं की 'डेटा नाही' अशी नोंद करून पुढे जायचं, ४२९ आला तर सांगितलेला वेळ थांबायचं, आणि एका फेरीत ठरल्यापेक्षा दहा टक्के जास्त कॉल झाले की फेरीच बंद करायची. तिसरा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. सेवेची मर्यादा सेवेला सांभाळते, आपली मर्यादा आपणच घालावी लागते.

डेटात शून्य आलं की 'कोणीच शोधलं नाही' असं वाचायचं नाही, हेही आज फळ्यावर लिहिलं. त्याचा अर्थ 'दाखवण्याइतका डेटा नाही' असा आहे.

वाया गेलेल्या शनिवार-रविवारातून एक कामाची गोष्ट मात्र हाती लागली. प्रश्नातल्या तारखा मी पक्क्या बांधल्या होत्या, म्हणून फेऱ्यांची एकमेकींशी तुलना करता आली. एकाच दिवसाच्या फेऱ्यांत आकडे तंतोतंत सारखे. शनिवार आणि रविवार ताडून पाहिले तर छोट्या शब्दांत फरक. म्हणजे आमच्या चाचणीपुरतं तरी, एकाच दिवशी तेच पुन्हा विचारून नवा नमुना मिळत नाही. गुरुवारच्या हिशेबातला 'रोज तीन वेळा' हा गुणक साफ निकामी. तीन नमुने हवे असतील तर तीन वेगळ्या दिवशी घ्यायचे.

तेच उत्तर साठवणीतून आलं तर पैसे घेता का, हे सगळ्या सेवांना विचारायच्या यादीत घातलं. काही ठिकाणी ठरावीक वेळात तोच कॉल पुन्हा केला तर फुकट असतो, काही ठिकाणी पूर्ण दर लागतो. आपली स्वतःची साठवण असेल तर हा प्रश्नच उरत नाही. ती आज बांधली: शब्दगट, प्रदेश, कालखंड आणि तारीख यांवरून प्रत्येक उत्तर ओळखायचं, आधी तिथे बघायचं, नसेल तरच बाहेर जायचं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

संपादक मॅडमसोबत तासभर बसले. १,२९,६०० चा कागद समोर ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "हे रोज कशासाठी?"

"तुम्हाला रोज ताजं मिळावं म्हणून."

"मला सोमवारी सकाळी लागतं. आमची बैठक सोमवारी असते. मंगळवारी आलेला आकडा मी पुढच्या सोमवारीच बघणार."

पुढे प्रदेशांचं विचारलं. एखादा शब्द अमुक प्रदेशात गेले ९० दिवस रोज कसा चढला-उतरला, हे त्यांना नको आहे. तो शब्द सध्या कोणत्या प्रदेशांत जास्त शोधला जातो, एवढंच हवं आहे, तेही महिन्यातून एकदा. हे दोन प्रश्न ऐकायला सारखे आहेत, बिलात मात्र फार वेगळे. पहिल्याला १२ प्रदेशांचे १२ कॉल लागतात. दुसऱ्याला एकच, कारण प्रदेशवार वाटणीचा वेगळा कॉल असतो आणि त्यात सगळे प्रदेश एकदम येतात.

"आणि पाच वर्षांचं?"

"ते दरवर्षीचा हंगाम ओळखायला. महिन्यातून एकदा पुरे. हंगाम काही आठवड्याला बदलत नाही."

रोज बघावेसे वाटतील असे शब्द किती, असं मी विचारलं. त्यांनी यादीवर पेन फिरवला आणि वीसवर थांबल्या.

मी आठवडाभर वापर कमी कसा करायचा हे कोडमध्ये शोधत होते, आणि तो या टेबलावर होता. सेवा कॉल मोजते, मॅडम निर्णय मोजतात. महिन्यात त्यांचे निर्णय चार-पाच बैठकांत होतात. त्या बैठकांपासून मागे यायचं आणि मग कॉल मोजायचे, असा क्रम पहिल्या दिवशीच हवा होता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

छोटी नोंद. ट्रेंड्समध्ये कालखंडावरून बारकावा ठरतो. सात दिवसांपर्यंत तासागणिक, साधारण नऊ महिन्यांपर्यंत दिवसागणिक, पाच वर्षांपर्यंत आठवड्यागणिक, त्याहून जास्त मागितलं तर महिन्यागणिक. म्हणजे पाच वर्षांच्या मालिकेत नवा पूर्ण बिंदू आठवड्यातून एकदाच येतो. ती रोज मागवणारा माणूस सातपैकी सहा दिवस जुन्याच डेटाचे पैसे भरतो. शेवटचा बिंदू बऱ्याचदा अर्धवट असतो, तशी खूण उत्तरात येते. ती खूण असलेला बिंदू टाकून द्यायचा, नाहीतर शेवटी उगाच घसरण दिसते आणि कोणीतरी पुन्हा मागवतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

अँकरवर सबंध दिवस गेला, पण गेला ते चांगलं झालं.

आकडे ० ते १०० आणि पूर्णांकात येतात. अँकर म्हणून 'ताप' घेतला आणि शेजारी एखादा छोटा शब्द ठेवला, तर तो छोटा शब्द ३ किंवा ४ वर चिकटून बसतो. ३ वरून ४ झाला की आलेखात एक पायरी दिसते. प्रत्यक्षात ती वाढ ३३ टक्क्यांची असू शकते किंवा नुसत्या पूर्णांकीकरणाचा परिणाम असू शकतो, ओळखायची सोय नाही. पैसे पूर्ण, माहिती जवळजवळ शून्य. अशा कॉलला मी आता वाया गेलेला कॉलच म्हणते, मग मीटरवर तो यशस्वी का दिसेना.

उपाय: शब्दांचे आकारानुसार तीन थर, प्रत्येक थराचा आपला अँकर. थर पाडायला ढोबळ शोधसंख्या लागते. ती गूगल जाहिरातींच्या कीवर्ड प्लॅनरमधून घेतली. तिथे महिन्याची सरासरी मिळते, आणि जाहिरातीवर फारसा खर्च नसलेल्या खात्याला तर नेमक्या आकड्याऐवजी मोठे पट्टेच दिसतात. थर पाडायला पट्टे पुरतात. मोठे ४० शब्द, मधले १२०, छोटे ८०. गट १०, ३० आणि २०. एकूण पुन्हा ६०च, पण आता प्रत्येक कॉलमधले पाचही शब्द एकमेकांच्या तोलाचे आहेत. थर एकमेकांशी जोडायला दोन कॉल, महिन्यातून एकदा.

अँकरच्या साखळीतून सगळे शब्द एका मापावर आणायची ही कल्पना आमची नाही. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट वेस्ट यांनी २०२० मध्ये तिची व्यवस्थित पद्धत मांडली आहे आणि पूर्णांकीकरणाने येणारी चूक कशी आवरायची हेही दाखवलं आहे. आम्ही तिचं अगदी साधं रूप वापरतोय.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सहकाऱ्याने रास्त प्रश्न केला: पैसे द्यायचेच कशाला?

फुकटचे मार्ग पाहिले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली पायट्रेंड्स ही तयार कोडची लायब्ररी वर्षानुवर्षं लोकप्रिय होती, पण ती अनधिकृत, आणि २०२५ मध्ये तिचं कोडभांडार गोठवलं गेलं, म्हणजे त्यात पुढचे बदल बंद. तिच्यावर रोजचं काम उभारायचं म्हणजे मूळ पान बदललं की आपलं सगळं बंद. गूगलने जुलै २०२५ मध्ये ट्रेंड्सचं अधिकृत एपीआय जाहीर केलं आहे. ते अजून अल्फा टप्प्यात असून मोजक्या चाचणीकर्त्यांनाच मिळतं. त्यातली एक गोष्ट आमच्यासाठी फार मोठी: आकडे दर कॉलला नव्याने ० ते १०० मध्ये बसवले जात नाहीत, सगळ्या कॉलमध्ये माप एकच राहतं. मागची पाच वर्षं मिळतात, दोन दिवसांपूर्वीपर्यंतची. तसं झालं तर अँकर लागणार नाही, थर लागणार नाहीत. आमचे निम्मे कष्ट मापाच्या या एका अडचणीतून आलेले आहेत. अर्ज भरून ठेवला. पण अर्जाच्या भरवशावर नोव्हेंबर काढता येणार नाही.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचं पानभेटींचं एपीआय मात्र आजच जोडलं. फुकट आहे, जुलै २०१५ पासूनचा डेटा आहे, आणि भेटींची खरी संख्या मिळते, प्रमाण नाही. शोध आणि वाचन एकच नव्हे, हे खरं. तरी ज्या छोट्या शब्दांना ट्रेंड्सकडून शून्यच येतं, त्यांच्यासाठी हा दुसरा डोळा उपयोगी पडतो. त्यांच्या अटीप्रमाणे कॉलसोबत आपली ओळख आणि संपर्क पाठवायचा असतो, तो घातला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

नोव्हेंबरचा आराखडा, कॅलेंडर समोर ठेवून:

९० दिवसांची रोजची मालिका. मोठ्या आणि मधल्या थराचे ४० गट फक्त रविवारी. नोव्हेंबरात रविवार पाच, म्हणून २०० कॉल. छोट्या थराचे २० गट रविवार, मंगळवार, गुरुवार, म्हणजे १३ दिवस, २६० कॉल. पाच वर्षांची मालिका महिन्यातून एकदा, छोटा थर तीन वेगळ्या दिवशी: १००. प्रदेशवार वाटणी, प्रत्येक शब्दाला एक: २४०. थरांचे दुवे: २. मॅडमचे वीस शब्द रोज, पाच गट, ३० दिवस: १५०.

एकूण ९५२ कॉल. १,२९,६०० वरून इथे.

याचा अर्थ ९ ऑक्टोबरचा आकडा चुकीचा होता असा नाही. ज्याला प्रत्येक प्रदेशाची रोजची हालचाल विकायची आहे, त्याला कदाचित तेवढे लागतीलही. आमच्या कामाला ते लागत नाहीत.

सेवा ठरली. कॉल मोजणारी, एका कॉलमध्ये पाच शब्द चालणारी. रांगेतल्या कॉलला एक क्रेडिट, तत्काळ कॉलला दोन. रविवारचं काम रात्रभर रांगेत पडून राहिलं तरी कोणाचं काही अडत नाही. रोजचे वीस शब्द सकाळच्या पहिल्या चहाआधी दिसायला हवेत असा मॅडमचा आग्रह, म्हणून ते तत्काळ. ८०२ अधिक ३००, एकूण १,१०२ क्रेडिट. १,५०० चं पॅकेज घेतलं.

करारात दोन गोष्टी मुद्दाम मागून घेतल्या. पॅकेज संपलं की सेवा थांबेल, जादा दराने सुरू राहणार नाही. आणि ८० टक्क्यांना इमेल येईल. हिशेब विभागाला आकड्यापेक्षा या दोन ओळी जास्त आवडल्या. ते म्हणाले, "बिल किती येईल हे तुम्ही सांगितलंत. जास्तीत जास्त किती येईल हे पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं."

सेवेचा बिलाचा महिना यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार बदलतो. आपली वेळापत्रकंही यूटीसीवर आणली, म्हणजे ३० तारखेची रविवारची फेरी नोव्हेंबरच्याच बिलात पडेल.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिली फेरी रात्री व्यवस्थित झाली. मीटर आणि आमची नोंदवही जुळतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एका सहकाऱ्याची सूचना आली: वीसऐवजी पन्नास शब्द तासागणिक घेऊ, साथ येण्याआधीच लेख तयार ठेवता येतील. पॅकेज वाढवायला लागेल, पण फायदा मोठा, असं त्याचं म्हणणं.

मी नाही म्हटलं, आणि का ते इथे लिहून ठेवते. गूगलने २००८ मध्ये फ्लू ट्रेंड्स सुरू केलं होतं. शोधांवरून इन्फ्लुएन्झासारख्या आजाराचा अंदाज बांधायचा, तोही सरकारी आकडे येण्याआधी. सुरुवातीला त्याचं खूप कौतुक झालं. २०१२-१३ च्या हंगामात त्याचा अंदाज अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या आकड्याच्या दुपटीपलीकडे गेला. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध करणं थांबलं. ज्यांच्याकडे नमुना नाही, सगळे शोध होते, त्यांना जे साधलं नाही ते आम्ही तासागणिक नमुने विकत घेऊन साधू, हे मला पटत नाही. बातमी आली की लोक शोधतात, भीती वाटली की शोधतात. शोध वाढला म्हणजे आजार वाढला असं धरून आरोग्याच्या संकेतस्थळाने काही सांगू नये. आम्हाला लोकांचा प्रश्न कळतो, आणि लेख त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आहे. त्यासाठी आठवड्याचा बारकावा पुरतो.

सहकाऱ्याला हे पटलं. त्याने सुचवलेले चार शब्द मात्र चांगले निघाले. ते वीसच्या यादीत घेतले आणि चार जुने काढले. बिल तेवढंच.

१ डिसेंबर, सोमवार

महिन्याचं बिल आलं. आमच्या नोंदवहीत १,१०२ क्रेडिट. त्यांच्या मीटरवर १,१३६. फरक ३४.

पॅकेज १,५०० चं असल्यामुळे एक पैसाही जास्त गेला नाही, आणि हिशेब विभागाने सोडूनही दिलं असतं. मला सोडवेना. फरक सम संख्येचा होता, म्हणून आधी दोन क्रेडिटवाले तत्काळ कॉल तपासले. ३४ म्हणजे १७ कॉल.

आमच्या लॉगमध्ये महिन्याभरात १९ तत्काळ कॉल वेळ संपल्यामुळे सोडून दिलेले सापडले, बहुतेक दोनच सकाळींचे. आमचं कोड ३० सेकंद वाट बघतं, मग फोन ठेवतं आणि पुन्हा लावतं. आपण फोन ठेवला म्हणून पलीकडचं काम थांबत नाही. सेवेने पाठवलेल्या तपशिलात त्या १९ पैकी १७ कॉल पूर्ण झालेले आहेत, ३१ ते ४८ सेकंदांत. उत्तर तयार झालं, घ्यायला आम्ही नव्हतो. उरलेले दोन त्यांच्याकडेही फसले आणि त्यांचे पैसे लागले नाहीत.

वाट बघण्याची मर्यादा ९० सेकंदांवर नेली. नोंदवही यशस्वी उत्तरं मोजत होती, ती आता पाठवलेले कॉल मोजेल आणि सोडून दिलेल्यांचा वेगळा रकाना ठेवेल. मॅडमना विचारलं, रोजचे शब्द सकाळी तत्काळ मागवण्याऐवजी पहाटे रांगेत टाकले आणि तुम्ही याल तोवर तयार असले तर चालेल का. त्या म्हणाल्या, "मला ते आठला दिसले की झालं, कुठून आले ते तुम्ही बघा." म्हणजे १५० कॉल दोनाऐवजी एका क्रेडिटवर. आज रात्री वेळापत्रक बदलते. उद्या पहाटे चारला पहिली रांग लागेल, आठपर्यंत पाचही गट आले का ते पाहायचं.